हरळीचं पाणी

"चपला काढ आणि जरा चालून बघ," आबा म्हणाले.

मी नुकतीच रिक्षातून उतरून फाटकात शिरले होते. खांद्यावर बॅग, हातात आईसाठी घेतलेल्या पेरूंची पिशवी. पुण्याहून आलेल्या मुलीला आबांनी कशी आहेस एवढंही विचारलं नाही. मी पिशवी पायरीवर ठेवली, चपला काढल्या आणि हिरवळीवर पाय टाकला. एप्रिलचा दुसरा आठवडा होता, दुपारचे चार वाजलेले. कोल्हापुरातही ऊन चटके देत होतं. आणि माझ्या पायाच्या बोटांमधून गार पाणी वर आलं.

"काय वाटलं?"

"ओलं आहे, आबा."

"ओलं नव्हे, चिखल आहे. तिकडं कुंपणाशी बघ, शेवाळ धरलंय. लव्हाळा उगवलाय. माझ्या अंगणात लव्हाळा." ते खाली बसले आणि एक पिवळं पातं उपटून माझ्यापुढं धरलं. "हौसानं घालवलं सगळं. नळ चालू ठेवून जायची. पंधरा दिवस झाले, कामावरनं काढलं तिला."

"पंधरा दिवस झाले, मग अजून वाळलं कसं नाही?"

"बोअरची लाइन गळत असेल कुठंतरी," असं काहीतरी आबा पुटपुटले आणि माझी बॅग उचलून आत गेले.

चौदा वर्षं झाली या गोष्टीला. आबांनी चौतीस वर्षं एका जिमखान्याचं मैदान सांभाळलं होतं. खेळपट्टी कधी ओली करायची, रोलर किती वेळ फिरवायचा, गवत किती ठेवायचं, सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. निवृत्त होताना त्यांनी तिथली बारीक पात्याची हरळी पोत्यातून घरी आणली आणि दारापुढच्या तीस बाय वीस फुटांत लावली. लोक ती बघायला थांबायचे. कुणी विचारलं, की आबांचं ठरलेलं उत्तर असायचं : रोज थोडं थोडं पाणी दिलं की मुळं आळशी होतात, वरच बसून राहतात. आठवड्यातून दोनदा द्या, पण वीतभर खोल मुरेल एवढं द्या. पहाटे द्या, म्हणजे उन्हात उडून जात नाही आणि रात्रभर पातं ओलं राहून कुजत नाही. आणि द्यायच्या आधी गवतावर पाय ठेवून बघा. पाय उचलल्यावर पाती उभी राहिली तर त्याला तहान नाही, नळाला हात लावू नका.

आमच्या घरी मंगळवार आणि शनिवार हे हरळीच्या पाण्याचे वार होते. मी शाळेत असल्यापासून.

पण मी हरळीसाठी आले नव्हते. दोन महिन्यांत आईची साखर चार वेळा एकदम खाली गेली होती. एकदा ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसली आणि तिला स्वतःचं नाव सांगता येईना. शेजारच्या वहिनींनी तोंडात साखर कोंबली म्हणून निभावलं. डॉक्टरांनी इन्सुलिन वीसवरनं सोळावर आणलं, तरी पुन्हा तेच. "कुणीतरी दोन आठवडे जवळ राहा," ते मला फोनवर म्हणाले. "त्या वेळेवर जेवत नसणार. या वयात असं होतं."

म्हणून मी रजा टाकून आले आणि आईच्या मागे लागले. नाश्ता झाला का, पूर्ण पोळी खाल्लीस का, ताटात भात का उरला. आई बिचारी सगळं खायची. मी समोर बसून बघायची. तरी दर दोन तासांनी मला वाटायचं, आता ती घामेघूम होईल, आता तिचे डोळे असे कुठंतरी बघायला लागतील. ती आंघोळीला गेली की मी दाराबाहेर उभी राहायची आणि पाण्याचा आवाज थांबला की हाक मारायची.

"अगं आहे मी," ती आतून म्हणायची.

सुई आबा द्यायचे. आईचे डोळे अधू झाले होते, सिरिंजवरचे आकडे तिला दिसत नसत. सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात. आबा हात धुवायचे, बाटली तळहातावर हळूच फिरवायचे, सिरिंज उजेडात धरून सोळाची रेघ बघायचे. "इकडं बघ," म्हणायचे आणि आईनं खिडकीकडं पाहिलं की सुई टोचायचे. तिला कळायचंही नाही. मी हे पहिल्या दिवशी पाहिलं आणि मला केवढा धीर आला. निदान ही एक गोष्ट चोख होती.

"तुझी आई विसरते हल्ली," आबा मला बाजूला घेऊन म्हणाले. "खाल्लं म्हणते, खाल्लेलं नसतं. मी सांगितलेलं ध्यानात राहत नाही तिच्या."

आई भाजी निवडत होती. तिनं ऐकलं असावं.

बुधवारी सकाळी मी उठले तर फवारा चालू होता. मी म्हटलं, "आबा, आज बुधवार."

"काल राहिलं द्यायचं."

मला ते खरं वाटलं. मंगळवारी पहाटे मी झोपेत होते. दुपारी प्लंबर आला. त्यानं कुंपणापासून टाकीपर्यंत दोन ठिकाणी उकरून बघितलं आणि सांगितलं, की लाइन कुठंही गळत नाही. आबा त्याच्यावर चिडले. तो गेल्यावर त्यांनी लांब पेचकस आणला आणि मातीत खुपसला. आबांच्या हिशेबानं पाणी योग्य असेल तर पेचकस वीतभर सहज जातो आणि मग अडतो. तो मुठीपर्यंत गेला. आबांनी तो काढला, पुसला, दुसरीकडं खुपसला. तिथंही मुठीपर्यंत.

"पाणी येतंय कुठनं?" ते म्हणाले. मला नाही, मातीलाच विचारल्यासारखे.

शुक्रवारी मंडईत मला हौसाक्का भेटली. वीस वर्षं ती आबांच्या हाताखाली मैदानावर खुरपणीला होती आणि नंतर आमच्या घरी यायची. मला बघून तिनं तोंड चुकवलं, मग मीच थांबवलं म्हणून थांबली.

"हौसाक्का, नळ चालू राहिला असेल चुकून. आबांना एवढा राग येण्यासारखं काय झालं?"

तिनं कोथिंबिरीची जुडी पिशवीत सारली. "वैजूताई, म्या नळाला हात बी लावत न्हाई. वीस वर्षांत लावला न्हाई. पानी साहेबच सोडत्यात. म्या येतो तवा चालू असतंय, बंद करत्यात, आनि म्या जाताना बघावं तर परत चालू. म्या म्हनलं, साहेब, मगाशी दिलंसा की. तर माझ्यावरच खवळले."

"आबा दोनदा पाणी देतील? आबा?"

"म्या कशाला खोटं बोलू?"

मला तिचा राग आला. स्वतःची चूक झाकायला ती माझ्या वडिलांवर ढकलते आहे, असंच मला वाटलं. "ठीक आहे," एवढंच म्हणून मी निघाले. तिनं मागून विचारलं, "आईसाहेब बऱ्या हाईत न्हवं?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

शनिवारी मला पहाटे साडेपाचला जाग आली. खिडकीतून पाहिलं तर आबा फवारा लावत होते. मधे मधे पत्र्याचे चपटे डबे ठेवलेले, पाणी किती पडलं ते मोजायला. सहा वाजून गेल्यावर त्यांनी नळ बंद केला, डबे गोळा केले, एकेका डब्यात बोट बुडवून बघितलं. सगळं शांतपणे, नेहमीसारखं. साडेसातला आईला सुई दिली. मी समोर होते. आईनं दोन पोळ्या आणि भाजी खाल्ली, तेही मी बघितलं. मग मी कपडे भिजवले, आंघोळ केली, केस पुसत चहा घेऊन पायरीवर येऊन बसले. नऊ वाजले होते.

आबा आतून आले. हातात डबे होते. त्यांनी ते हिरवळीवर एकेक करून मांडले, अंतर पावलांनी मोजून, आणि नळ सोडला.

मी चहाचा कप खाली ठेवला. "आबा, पाणी झालं ना देऊन?"

"कुठं झालं? आज शनिवार."

"पहाटे दिलंत. मी खिडकीतून बघत होते."

"आत्ता तर सोडतोय," ते हसून म्हणाले. "उठायला उशीर झाला आज. ऊन वर यायच्या आत झालं पाहिजे."

त्यांच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती. पायाखाली चिखल होता, गवत आधीच निथळत होतं, आणि माझे आबा त्यात उभे राहून फवाऱ्याचं तोंड सारखं करत होते. मला हौसाक्का आठवली. आणि मग, का कोण जाणे, त्यांचे हातच दिसत राहिले. फवारा फिरवणारे हे हातच आईला सुई देत होते. मी उठले आणि आत पळाले.

आई पलंगावर बसली होती. वरच्या ओठावर घाम होता.

"आई, आबांनी आज सुई किती वेळा दिली?"

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर वळवली.

"आई."

"तुझ्यासमोरच दिली की. मग तू आंघोळीला गेलीस तेव्हा परत आले. मी म्हटलं, दिलीत की मघाशी. तर म्हणाले, ती कालची. मग मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"मीच विसरले असेन. तुम्ही सगळे म्हणताच."

मी साखर मोजायचं यंत्र काढलं. घाईत पहिली पट्टी वाया गेली. दुसऱ्या पट्टीवर एकाहत्तर आली. साखरेचं पाणी पाजलं, डॉक्टरांना फोन लावला. "दोन डोस गेलेत? सोळा आणि सोळा?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. "पाजत राहा आणि लगेच घेऊन या. ते इन्सुलिन अजून कित्येक तास साखर खाली ओढत राहणार. घरी आवरायचं नाही."

रिक्षा बोलावेपर्यंत पुन्हा बघितलं. अठ्ठावन्न. आई माझ्या खांद्यावर रेलली होती आणि "पोळी करपतेय" असं म्हणत होती. गॅस केव्हाच बंद होता.

आबा नळ बंद करून धावत आले. "परत? खाल्लं नसणार तिनं."

मी आईला धरून रिक्षात बसवलं. रिक्षात ते आईच्या शेजारी बसले आणि सगळ्या रस्ताभर तिचा तळहात चोळत राहिले. "आलं बघ, आलं," म्हणत होते. "रिक्षावाले, खड्डे चुकवा जरा."

दवाखान्यात पोचेपर्यंत चव्वेचाळीस झाली होती. आईचे डोळे उघडे होते, पण त्यात आम्ही नव्हतो. सलाइन लावलं, शिरेतून ग्लुकोज दिलं. साखर वर यायची आणि अर्ध्या तासात पुन्हा उतरायची. नर्स बोट टोचून आकडा सांगायची आणि पुढच्या अर्ध्या तासापर्यंत मी तो आकडा धरून बसायची. आबा बाहेर बाकावर होते. मी दोनदा दारातून डोकावले, दोन्ही वेळा त्यांनी एकच विचारलं, "नाश्ता केला होता का तिनं?"

तीनच्या सुमाराला साखर एकशे तीसवर येऊन टिकली. आईनं मला हाक मारली, नावानं.

मी तिला सगळं सांगितलं. पाण्याचं, हौसाक्काचं. ती ऐकत राहिली.

"म्हणजे विसरत होते ती मी नव्हे?"

"नाही आई. तू नव्हेस."

तिनं डोळे मिटले. तिचा चेहरा असा सैल झाला, की मला कळलं, दोन महिने ती काय भीती घेऊन बसली होती. आणि आम्ही, सगळ्यात जास्त मी, तिला रोज ती भीती वाढून देत होतो. मग तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मला बरं वाटलं गं," ती म्हणाली. "त्यांना झालंय हे ऐकून मला आधी बरंच वाटलं. कशी मी."

मी तिचा हात धरला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "इथं नको सांगूस त्यांना. लोकांसमोर नको. घरी सांग."

यापुढं सुई द्यायचं काम मी माझ्याकडं घेतलं. "दवाखान्यानं मला शिकायला सांगितलंय," असं आबांना म्हटलं. आईला रात्रीपुरतं दवाखान्यातच ठेवलं होतं. रविवारी सकाळी मी घरी आले तेव्हा आबा हिरवळीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले. साडी ओली झाली.

"आबा, काल पाणी कधी दिलंत?"

"पहाटे."

"आणि नंतर?"

"नंतर कशाला देऊ?"

"नऊ वाजता पुन्हा दिलंत. मी पायरीवर होते. मी तुम्हाला म्हटलंही."

ते चिडतील अशी माझी तयारी होती. ते चिडले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले, मी लहानपणी खोटं बोलले की बघायचे तसे, आणि मग मी खोटं बोलत नाही हे त्यांना दिसलं असावं.

"किती वेळ?"

"अर्धा तास असेल."

"आणि हौसा?"

"तिनं कधीच नळ सोडला नाही."

आबांनी दोन्ही हातांनी हरळीचा एक गड्डा धरला आणि ओढला. तो नुसता हातात आला. एरवी आमची हरळी उपटायला खुरपं लागायचं. त्यांनी माती झटकली. खाली मुळं होती, बोटाच्या पेराएवढी, तपकिरी, लिबलिबीत. त्यांनी ती अंगठ्यानं दाबून बघितली, वास घेतला.

"हे आठ-पंधरा दिवसांचं नाही," ते म्हणाले. चौतीस वर्षं मैदानावर उभं राहून बोलायचे त्याच आवाजात. "मुळं एवढी वर यायला अन् कुजायला दोन-अडीच महिने लागतात. फेब्रुवारीपासनं चाललंय हे."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"तुझ्या आईला पहिल्यांदा कधी झालं?"

"फेब्रुवारीत, आबा."

त्यांनी गड्डा खाली ठेवला. पुन्हा त्याच जागी बसवला आणि तळहातानं वरून दाबला. दाबतच राहिले.

"सुई पण?" त्यांनी विचारलं.

मी मानेनंच हो म्हटलं.

ते उठले. चिखलाच्या पायांनी घरात गेले, फ्रिज उघडला, इन्सुलिनची बाटली आणि सिरिंजचा पुडा आणून माझ्या ओंजळीत ठेवला. "कुलपात ठेव. आणि किल्ली कुठं आहे ते मला सांगू नको."

पुढचं थोडक्यात सांगते. आबांना डॉक्टरांना दाखवलं. आजाराला नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या, फार उपयोग झाला नाही. सुई द्यायला शेजारच्या वहिनी शिकल्या, मी पुण्याहून बदली करून घेईपर्यंत. आईची साखर त्यानंतर तशी कधी उतरली नाही, ती आणखी नऊ वर्षं जगली. आबा सहा. नळाची चावी हौसाक्काकडं गेली. तिनं महिनाभर हरळीला पाणीच दिलं नाही. लव्हाळा काढला, पहारीनं जागोजागी भोकं पाडून त्यात वाळू भरली, आणि मग मंगळवार-शनिवार धरला. दिवाळीपर्यंत हरळी पुन्हा आली, कुंपणाशी एक कोपरा सोडून.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं.

बाटली माझ्या हातात देऊन झाल्यावर आबांनी पाय धुतले, धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "हौसाकडं जाऊ चल. मी तिला फार वाईट बोललो होतो."

तिचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. ती दारात शेंगा फोडत बसली होती. आबांना बघून उठली, पदर सावरला. आबा उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

"हौसा, माझं चुकलं," ते म्हणाले. "पाणी मीच देत होतो. तू नळाला हात लावला नव्हतास."

हौसाक्कानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "असू द्या साहेब. आत या, बसा."

आम्ही बसलो. तिनं चहा ठेवला. आईसाहेबांचं विचारलं, मी सांगितलं. आबा ऐकत होते, भिंतीकडं बघत होते. चहा आला. त्यांनी बशीत ओतला, दोन घोट घेतले आणि बशी खाली ठेवली. हौसाक्काकडं नीट निरखून बघितलं, जणू ती आत्ताच समोर आली होती.

"हौसा," ते म्हणाले, "मी मुद्दाम आलोय. माझं चुकलं. पाणी मीच देत होतो."

मला त्यांच्याकडं बघवेना. मी हौसाक्काकडं पाहिलं. ती चुलीपाशी उभी होती. क्षणभर तिचा हात तसाच राहिला, मग ती येऊन त्यांच्यासमोर खाली बसली.

"असू द्या साहेब," तिनं पुन्हा सांगितलं, पहिल्यांदा सांगितलं होतं तितक्याच मनापासून. "च्या घ्या. निवंल."